दोल्नी व्येस्तोनित्से: तीनशे वस्तीच्या गावाला एवढा इतिहास कुठून आला?

प्रश्न विचारणाऱ्या बाई शाळेत भूगोल शिकवतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचा प्राग ते व्हिएन्ना असा प्रवास ठरला आहे आणि वाटेत एक दिवस मोकळा आहे. दोल्नी व्येस्तोनित्से या चेक गावाबद्दल त्यांनी वाचलं, तिथे सापडलेल्या भाजक्या मातीच्या स्त्री-मूर्तीचा फोटो पाहिला. आता त्या विचारतात, ‘तीनशे वस्तीच्या गावाला तीस हजार वर्षांचा इतिहास म्हणजे काय? तिथे तेव्हापासून माणसं सलग राहत आली आहेत का? आणि एका दिवसात तिथे नेमकं काय पाहायचं?’

मराठी मंडळींचे गट घेऊन मध्य युरोपात हिंडणं हा माझा व्यवसाय आहे आणि चेक देशाच्या पूर्वेकडच्या मोराव्हिया प्रांताचा दक्षिण भाग हा पायाखालचा टापू. म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

बाई, आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर. नाही, सलग वस्ती अजिबात नाही. उलट या गावाइतकी माणसं पुन्हा पुन्हा बदललेली जागा शोधून सापडणार नाही. आज तिथे राहणाऱ्या बहुतेक घरांचा गावाशी संबंध १९४५ नंतरचा आहे. त्याआधी शतकानुशतकं गाव जर्मन बोलणाऱ्यांचं होतं, त्याआधी स्लाव लोकांचं, त्याआधी जर्मानिक टोळ्यांचं. आणि मूर्ती घडवणारे शिकारी तर हिमयुगाचा कडाका वाढल्यावर कधीच निघून गेले होते. टिकून राहिली ती जागा. माणसं या एकाच ठिकाणी परत परत का येतात, हे कळलं की गावाचा इतिहास उलगडतो. त्यासाठी सुरुवात नकाशापासून करावी लागते, आणि तुम्ही भूगोलाच्या असल्यामुळे माझं काम सोपं आहे.

ब्र्नो शहरापासून दक्षिणेला साधारण पस्तीस किलोमीटरवर, ऑस्ट्रियाच्या सरहद्दीच्या अलीकडे, सपाट प्रदेशातून एकदम चुनखडीची एक पांढुरकी रांग वर येते. हे पाव्लोव्हचे डोंगर. स्थानिक लोक सगळ्या टापूलाच पालावा म्हणतात. सर्वांत उंच माथा द्येवीनचा, सुमारे साडेपाचशे मीटर. आपल्या सह्याद्रीपुढे ही उंची काहीच नाही, पण पायथा जेमतेम पावणेदोनशे मीटरवर असल्यामुळे डोंगर नजरेत भरतो. ही चुनखडी ज्युरासिक काळातल्या समुद्रातली. कार्पेथियन पर्वत घडताना तिचे मोठे मोठे तुकडे खालच्या मऊ थरांतून वर ढकलले गेले. म्हणजे ही रांग कार्पेथियनची पश्चिमेकडची अगदी टोकाची कड आहे.

डोंगराच्या उत्तर पायथ्याशी गाव, आणि गावाला लागून डिये नदी. य्हिलावा नदी स्व्रात्काला मिळते आणि स्व्रात्का डियेला, तीही इथेच, गावाच्या थोडं वरच्या अंगाला. पुढे डिये मोराव्हा नदीला आणि मोराव्हा डॅन्यूबला जाऊन मिळते. आता मोठा नकाशा काढा. डॅन्यूबच्या खोऱ्यातून उत्तरेकडे, पोलंडच्या मैदानात जायचं असेल तर डोंगर न चढता जाणारी वाट मोराव्हाच्या खोऱ्यातून वर सरकते आणि ‘मोराव्हियाचं दार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खिंडीतून ओडर नदीच्या खोऱ्यात उतरते. पश्चिमेला बोहेमियाचं पठार, पूर्वेला कार्पेथियन, आणि मधे हा बोळ. हिमयुगात तर उत्तरेला स्कँडिनेव्हियाची हिमचादर आणि दक्षिणेला आल्प्सच्या हिमनद्या. दोहोंच्या मधला हाच मोकळा पट्टा होता. मॅमथ, रेनडियर आणि घोड्यांचे कळप, त्यांच्या मागावरची माणसं, पुढे बाल्टिकचा अंबर घेऊन एड्रियाटिककडे जाणारे व्यापारी, रोमन सैन्य, स्वीडिश सैन्य: सगळे याच बोळाने गेले. आणि बोळातून येणाजाणाऱ्यावर नजर ठेवायला पालावाच्या उतारासारखी दुसरी जागा नाही. गाव लहान असलं तरी वाट मोठी आहे.

आता मातीकडे वळू. माझ्या मते गावाची खरी नायिका तीच आहे. चीनच्या संदर्भात तुम्ही लोएस शिकवताच: वाऱ्याने वाहून आणलेली, पिवळसर, पिठासारखी बारीक माती. हिमयुगात उघड्या पडलेल्या नदीपात्रांतली आणि उजाड मैदानांतली धूळ उडून डोंगरांच्या आडोशाला साचली. द्येवीनच्या पायथ्याशी तिचे जाड थर आहेत. गावाजवळच्या जुन्या वीटभट्टीच्या खाणीत या थरांची उभी भिंत उघडी पडली आहे. चेक लोक तिला ‘युगांचं कॅलेंडर’ म्हणतात आणि ती संरक्षित आहे. चतुर्थक काळाचा, म्हणजे हिमयुगांच्या ताज्या भूशास्त्रीय कालखंडाचा, अभ्यास करणाऱ्या भूशास्त्रज्ञांत ही भिंत जगभर माहीत आहे. व्हीनस, म्हणजे तुम्ही फोटोत पाहिलेली ती स्त्री-मूर्ती, पाहायला आलेले लोक मात्र तिच्यावरून सरळ पुढे जातात.

या भिंतीसमोर निदान अर्धा तास थांबा. पिवळा पट्टा म्हणजे थंड, कोरडा काळ, धुळीची वादळं. तपकिरी किंवा काळसर पट्टा म्हणजे हवा उबदार झाली, गवत किंवा जंगल उगवलं आणि धुळीवर खरी जमीन तयार झाली. मग पुन्हा पिवळा. खालच्या तांबूस-तपकिरी मातीपासून वरच्या गवतापर्यंत साधारण सव्वा लाख वर्षांची हवामानाची नोंदवही अशी उभी मांडलेली आहे. हिमयुग म्हणजे एक सलग गारठा, हा विद्यार्थ्यांच्या डोक्यातला समज घालवायला या भिंतीच्या एका फोटोइतकं चांगलं साधन मला ठाऊक नाही.

लोएसचे दोन गुण गावाच्या पथ्यावर पडले. एक म्हणजे त्यात चुन्याचं प्रमाण भरपूर असतं, त्यामुळे हाडं गळून जात नाहीत. दुसरा, तो साचतो हळूहळू आणि अलगद; खालची वस्तू उधळली न जाता झाकली जाते. तीस हजार वर्षांपूर्वीच्या चुली, राख आणि हाडं जागच्या जागी सापडली याचं श्रेय पुरातत्त्वज्ञांइतकंच या धुळीलाही आहे. याच लोएसवर पुढे चर्नोझेम, म्हणजे काळी सुपीक जमीन, तयार झाली आणि द्राक्षं आली.

आता ते शिकारी. त्यांच्या संस्कृतीला शेजारच्या पाव्लोव्ह गावावरून पाव्लोव्हियन म्हणतात. त्यांनी तळ टाकले ते नदीकाठी नाही आणि माथ्यावरही नाही, तर उताराच्या मधल्या पट्ट्यात: खालचा पूर लागत नाही, वरचा वारा लागत नाही आणि खोऱ्यातले कळप दिसतात. त्यांच्या हत्यारांचा बराचसा गारगोटी दगड उत्तरेकडून, आजच्या सिलेसिया-पोलंडच्या बाजूने, शेकडो किलोमीटरवरून आलेला आहे. म्हणजे बोळ दोन्ही बाजूंनी वापरात होता. तळाजवळच्या ओलसर घळीत मॅमथच्या हाडांचे ढीगच्या ढीग सापडले. ते सगळे मॅमथ यांनीच मारले, की मेलेल्यांची हाडं गोळा केली, यावर संशोधक अजून भांडतात.

पद्धतशीर खोदकाम सुरू झालं १९२४ साली, कारेल आब्सोलोन यांच्या नेतृत्वाखाली. हे गृहस्थ मोराव्हियातल्या गुहांच्या संशोधनामुळे आधीच नावाजलेले होते. १३ जुलै १९२५ रोजी कामावरच्या मंडळींना राखेच्या थरात मातीचे दोन तुकडे मिळाले. ते जुळवले तर अवघ्या ११.१ सेंटिमीटर उंचीची स्त्री-मूर्ती झाली. मोठे ओघळलेले स्तन, रुंद कंबर, चेहऱ्याच्या जागी फक्त दोन तिरक्या खाचा आणि डोक्यावर चार लहान भोकं. भोकांत काय खोवलं जात असेल? पिसं, गवत, फुलं? सगळे अंदाजच. हीच व्येस्तोनित्सेची व्हीनस. ‘मातृदेवता’ हे लेबल मी तिला लावत नाही. तिचं काय करायचे हे सांगायला कोणीही उरलेलं नाही आणि मार्गदर्शकाने ठामपणे सांगितलं म्हणून ते खरं होत नाही.

मला तिच्या रूपापेक्षा तिचं साहित्य महत्त्वाचं वाटतं. हस्तिदंताच्या किंवा दगडाच्या त्या काळातल्या मूर्ती युरोपात इतरत्रही आहेत. ही मात्र भाजलेल्या मातीची आहे, म्हणजे माणसाने ठरवून भट्टीत घातलेल्या मातीच्या सर्वांत जुन्या वस्तूंपैकी एक. मातीची भांडी जगात दिसतात ती यानंतर सुमारे दहा हजार वर्षांनी, चीनमध्ये. इथल्या लोकांना माती भाजता येत होती, पण त्यांनी तिची गाडगी-मडकी केली नाहीत! सतत हिंडणाऱ्या माणसाला मडकं हे ओझंच.

त्यांनी केले ते प्राणी. अस्वल, सिंह, मॅमथ, गेंडे, आणि नुसते गोळेसुद्धा. १९५१ साली पुरातत्त्वज्ञ बोहुस्लाव्ह क्लीमा यांना उतारावर वरच्या अंगाला, मुख्य तळापासून थोडी दूर, एका झोपडीची जागा मिळाली. आत मातीचा कठडा असलेली भट्टी आणि तिच्याभोवती मातीचे दोन हजारांहून अधिक तुकडे. जवळजवळ सगळं फुटकं. माती साधी, जागेवरचीच लोएस. भाजण्याचं तापमान साधारण ५०० ते ८०० अंश. इतकं फुटकं का? १९८९ साली संशोधकांनी तुकड्यांच्या भेगा तपासल्या तेव्हा बऱ्याचशा भेगा ओली वस्तू एकदम विस्तवात गेल्यावर पडतात तशा निघाल्या. लोएस ही खरं तर सहजासहजी तडकणारी माती नाही. त्यामुळे कुणी म्हणतं, फोडणं हाच हेतू होता: ओला प्राणी विस्तवात टाकायचा आणि तो फाटकन फुटताना पाहायचा. दुसरे म्हणतात, शिकाऊ हातांचं वाया गेलेलं काम. मला पहिली कल्पना मोहक वाटते, पण एवढ्यावरून पक्कं सांगायची माझी तयारी नाही.

काही तुकड्यांवर विणलेल्या धाग्यांचे ठसे आहेत. म्हणजे रानातल्या वनस्पतींचा वाख काढून दोर वळणं, विणणं या लोकांना येत होतं. आणि खुद्द व्हीनसच्या पाठीवर एका मुलाच्या बोटाचा ठसा आहे. वय अंदाजे सात ते पंधराच्या मधलं. मूर्ती त्या पोराने घडवली असं नव्हे, पण ती ओली असताना त्याने हाताळली एवढं नक्की.

माणसंही सापडली. १९४९ साली चाळिशीच्या आसपासच्या एका बाईची कबर मिळाली: अंग दुमडून ठेवलेलं, वर गेरू आणि मॅमथच्या खांद्याची दोन रुंद हाडं, सोबत कोल्ह्याचे अवशेष. तिच्या चेहऱ्याची डावी बाजू जुन्या दुखापतीने वाकडी झाली होती. गंमत अशी की याच तळावर १९३६ साली, म्हणजे कबर मिळण्याच्या तेरा वर्षं आधी, हस्तिदंतात कोरलेलं एक छोटं डोकं सापडलं होतं आणि त्याचंही तोंड एका बाजूला ओढल्यासारखं आहे. दोन्ही एकच व्यक्ती का? क्लीमा यांनी तसा संबंध जोडला. तो खरा असेल तर आपल्यासमोर माणसाच्या सर्वांत जुन्या व्यक्तिचित्रांपैकी एक आहे. पुरावा म्हणून मात्र तो तेवढ्यावरच थांबतो.

दुसरी कबर १९८६ सालची, तिघांची. विशीच्या आसपासचे तीन जीव शेजारी शेजारी. मधल्याच्या हाडांत जन्मापासूनचं व्यंग, डावीकडच्याचे हात त्याच्या ओटीपोटापर्यंत पोहोचलेले, उजवीकडचा पालथा. डोक्यांवर गेरू, भोकं पाडलेले दात आणि हस्तिदंताचे मणी. मधली व्यक्ती स्त्री असावी असा समज बरीच वर्षं होता आणि त्यावर दोन पुरुष-एक स्त्री, बाळंतपणातला मृत्यू, सुईण-वैदू अशा नाना कथा रचल्या गेल्या. २०१६ साली प्राचीन डीएनएचा निकाल आला: तिघेही पुरुष. कथा रातोरात गळून पडल्या. जुन्या प्रवास-पुस्तकांत त्या अजून आहेत, जपून वाचा.

ही कबर सापडली कशी, हेही लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल. त्या वर्षांत खाली नदीवर धरणं बांधणं चालू होतं आणि भरावासाठी याच उतारावरचा लोएस यंत्रांनी उचलला जात होता. पुरातत्त्वज्ञ त्या यंत्रांच्या पुढे पुढे खोदत होते.

या संग्रहाच्या नशिबी मात्र एक मोठा घाव होता. म्युनिक करारानंतर १९३८ साली हा टापू जर्मनीत गेला. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या वर्षांत इथे एसएस या नाझी संघटनेच्या संशोधन शाखेने, आनेनएर्बेने, खोदकाम केलं. ‘आर्य पूर्वज’ शोधण्याचा तो उद्योग. युद्ध आवरत आलं तेव्हा व्येस्तोनित्सेच्या संग्रहाचा मोठा भाग जवळच्या मिकुलोव्हच्या किल्ल्यात ठेवलेला होता. एप्रिल १९४५ मध्ये किल्ला जळाला आणि त्यातलं सगळं गेलं. व्हीनस ब्र्नोमध्ये होती म्हणून वाचली. जळालेल्या कागदांची आणि हाडांची भरपाई व्हायची नाही. वर सांगितलेल्या कित्येक वादांचे निकाल लागत नाहीत यामागे हेही कारण आहे.

शिकाऱ्यांनंतरची हजारो वर्षं मी भराभर ओलांडतो. नवाश्मयुगात शेतकरी आले, लोएसवर त्यांनी पहिली शेती केली. पुढचा लक्षात राहण्याजोगा मुक्काम रोमनांचा. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळात, इसवी सन १७० च्या दशकात, मार्कोमानी आणि क्वादी टोळ्यांशी युद्ध चालू होतं. गावाच्या समोरच्या बाजूला, मुशोव्हजवळच्या टेकाडावर, रोमन लष्कराने तटबंद छावणी उभारली. व्हिएन्नाच्या दहाव्या लीजनचे, म्हणजे रोमन सैन्यदलाचे, शिक्के असलेली कौलं आणि विटा तिथे मिळाल्या. डॅन्यूबच्या उत्तरेला इतक्या आत रोमन विटा सापडणं ही साधी गोष्ट नाही. तिथूनच जवळ १९८८ साली एका जर्मानिक सरदाराची श्रीमंत कबर निघाली. त्यातल्या काशाच्या कढईवर दाढीवाल्या पुरुषांची चार डोकी आहेत, केसांची गाठ कानशिलावर बांधलेली. ती मिकुलोव्हच्या संग्रहालयात पाहता येते आणि पाहाच.

नवव्या शतकात इथे ग्रेट मोराव्हिया हे स्लाव लोकांचं राज्य. गावाजवळ नदीलगत त्या काळातल्या गढीचा उंचवटा आहे आणि एक मोठी दफनभूमी, जिथे हजाराहून अधिक कबरी उघडल्या गेल्या. पुन्हा तोच हिशेब: नदीचा उतार जिथे, पहारा तिथे.

तेराव्या शतकात पहारा डोंगरावर चढला. द्येवीनच्या उत्तर कड्यावर जे भग्न बुरूज दिसतात तो द्येविच्कीचा किल्ला. तो पुढे लिख्टेनश्टाइन घराण्याकडे आला. आज आल्प्समध्ये ज्यांच्या नावाचा चिमुकला देश आहे, तेच हे घराणं. सोळाव्या शतकात मिकुलोव्हची जहागीर दीट्रिखश्टाइन घराण्याकडे गेली. त्याच शतकात या जहागिरीत ॲनाबाप्टिस्ट पंथाचे निर्वासित आले. मुलांना बाप्तिस्मा द्यायचा नाही, हत्यार धरायचं नाही आणि मालमत्ता सगळ्यांची मिळून, अशी त्यांची शिकवण. युरोपभर त्यांना जाळलं-बुडवलं जात असताना इथल्या जहागीरदारांनी आसरा दिला, कारण ही माणसं हाताने कसबी होती. त्यांची पांढऱ्या चकाकीची मातीची भांडी आजही संग्रहालयांत मानाने ठेवतात. १६२२ साली कार्डिनल दीट्रिखश्टाइनने त्यांना हाकललं. तीस वर्षांच्या युद्धात, १६४५ साली, स्वीडिश सैन्य ब्र्नोला वेढा घालायला आलं. द्येविच्कीही त्यांच्या हाती पडला आणि जाताना त्यांनी तो जाळला. किल्ला पुन्हा नीटसा उभा राहिला नाही.

द्राक्षबागा या सगळ्यातून चालतच राहिल्या. हा चेक प्रजासत्ताकातल्या सर्वांत उबदार आणि कोरड्या पट्ट्यांपैकी एक. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. आकडा आपल्या नगर जिल्ह्याच्या जवळपास जातो, पण तिथे तो बारा महिन्यांत वाटून पडतो आणि ऊन सौम्य, म्हणून जमीन भेगाळत नाही. चुनखडीचा तळ, लोएसची माती आणि डोंगराचा आडोसा. वेल्शरीझलिंग या द्राक्षजातीची इथली वाइन चुन्यामुळे वेगळी लागते असं उत्पादक सांगतात. ‘पालावा’ नावाची सुगंधी द्राक्षजात तर या डोंगरांवरूनच ओळखली जाते. योसेफ व्हेव्हेर्का यांनी लाल ट्रामिनर आणि म्युलर-थुर्गाऊ यांच्या संकरातून ती तयार केली, १९७७ साली तिची अधिकृत नोंद झाली.

आता विसावं शतक. गावात फिरताना याचा विषय सांभाळून काढा. १९४५ पर्यंत गाव उंटरविस्टर्निट्स या नावाने ओळखलं जाणारं जर्मनभाषकांचं होतं. त्यांचे पूर्वज मध्ययुगात मुख्यतः ऑस्ट्रियाच्या बाजूने आलेले. १९१८ साली ऑस्ट्रिया-हंगेरी कोसळलं आणि ते चेकोस्लोव्हाकियाचे नागरिक झाले. १९३८ साली जर्मनीचे. आणि १९४५-४६ मध्ये कोणाचेच नाहीत. हातात मावेल तेवढं सामान घेऊन त्यांना सरहद्दीपार घालवण्यात आलं. रिकाम्या घरांत आणि द्राक्षबागांत मोराव्हियाच्या इतर भागांतून आणि स्लोव्हाकियातून नवी कुटुंबं आली. आजूबाजूच्या काही गावांत सोळाव्या शतकापासून राहणारे क्रोएशियन लोक होते. १९४८ नंतर त्यांनाही उठवून आत पांगवलं. मग सामूहिक शेती आली, बांध मोडले, आणि थोड्याच अंतरावर काटेरी तारांची सरहद्द उभी राहिली. हजारो वर्षं जो रस्ता वाहता होता तो चाळीस वर्षं बंद पडला. दफनभूमीत जर्मन नावांचे दगड दिसले तर नुसते पाहा; तिथे मोठमोठ्याने व्याख्यान देणारे मार्गदर्शक मला आवडत नाहीत. ‘अत्याचार झाला’ आणि ‘नाझींना साथ दिली होती’ ही दोन्ही वाक्यं इथे खरी आहेत आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला त्यातली दुसरी सहज पटेल, पहिली कदाचित नाही.

शेवटचा मोठा बदल पाण्याचा. डिये दरवर्षी बर्फ वितळल्यावर खोऱ्यात पसरायची. ओक, ॲश आणि एल्मची पूरमैदानी जंगलं त्या पुरावरच जगत होती. पूर रोखावा, शेतीला पाणी मिळावं, थोडी वीज व्हावी, म्हणून १९७५ ते १९८९ या काळात नोवे म्लीनीचे तीन सलग जलाशय बांधले गेले. मिळून बत्तीस चौरस किलोमीटरच्या आसपास पाणी, आणि खोली मात्र बेताची. मुशोव्ह हे गाव उठवून पाडलं. त्यातलं संत लिनहार्टचं चर्च तेवढं मधल्या जलाशयात एका बेटावर उरलं आहे. रस्त्यावरून जाताना दिसतं. नद्यांचे संगम याच पाण्याखाली गेले. आणि सरकारी कारभार पाहा: डोंगराला १९७६ साली संरक्षित क्षेत्र जाहीर केलं, १९८६ साली तो युनेस्कोच्या जीवावरण राखीव क्षेत्रांच्या यादीत गेला, आणि त्याच वर्षांत पायथ्याचं जंगल तोडून बुडवलं. मधल्या जलाशयाची पातळी पुढे थोडी खाली आणली, बेटं तयार केली आणि तो आता पक्ष्यांसाठी राखून ठेवला आहे. हिवाळ्यात हजारो रानहंस उतरतात. उन्हाळ्यात शेवाळाने पाणी हिरवं होतं, हेही सांगायला हवं. गावातून समोरच्या स्त्राखोतीनकडे जाणारा रस्ता धरणाच्या बांधावरूनच जातो. त्या भरावात किती चुली आणि किती हाडं गेली असतील, हा विचार मला तिथे दरवेळी सतावतो.

आता तुमचा दिवस. प्राग-व्हिएन्ना रेल्वे ब्र्नो आणि ब्रेत्स्लाव्हवरून जाते. गावात स्टेशन नाही. ब्र्नोमध्ये आदल्या रात्री मुक्काम करा, सकाळी बसने मिकुलोव्ह गाठा आणि तिथून गावाकडची स्थानिक बस धरा. शनिवार-रविवारी बस कमी असतात, वेळापत्रक आधी बघा. गावात छोटं पुरातत्त्व संग्रहालय आहे, तासभर पुरेल. मग लोएसची भिंत. त्यानंतर चालत शेजारच्या पाव्लोव्हला जा. २०१६ साली उघडलेलं आर्केओपार्क तिथे थेट शिकाऱ्यांच्या तळावर, जमिनीखाली बांधलं आहे. बाहेरून फक्त पांढरे काँक्रीटचे मनोरे दिसतात आणि आत मॅमथच्या हाडांचा एक ढीग सापडला तसाच ठेवला आहे. एकच जागा पाहायला वेळ असेल तर हीच निवडा. दुपारी पाव्लोव्हवरून द्येविच्कीवर चढा. चढ खडा आहे पण छोटा, साधे पकड असलेले बूट पुरतात. वरून तिन्ही जलाशय, मैदान आणि उत्तरेकडचा सगळा बोळ दिसतो. विद्यार्थ्यांसाठी फोटो घ्यायचे ते इथून. पायवाट सोडू नका, उतारावरची स्टेप (कोरड्या गवताळ प्रदेशातली) वनस्पती नाजूक आणि संरक्षित आहे. बुटके आयरिस पाहायचे तर एप्रिलमध्ये यावं लागतं, मेमध्ये ते बहुधा संपलेले असतील.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण दर गटात कोणीतरी नाराज होतं: अस्सल व्हीनस गावात नाही आणि पाव्लोव्हलाही नाही. ती ब्र्नोच्या मोराव्हियन संग्रहालयाच्या मालकीची आहे. एरवी ती कडेकोट बंदोबस्तात असते आणि खास प्रदर्शनांतच बाहेर काढतात. बाकी सगळीकडे प्रतिकृती. तुमच्या तारखांना प्रदर्शन आहे का ते ब्र्नोत उतरण्यापूर्वी संग्रहालयाकडे विचारून घ्या.